खरातबाईंचा सत्कार

आमच्या बजाजनगरच्या नाटकात प्रत्येक बाईला दोन नवरे असायचे. हसू नका, खरंच सांगते. एक पहिल्या पाळीचा आणि एक दुसऱ्या पाळीचा. कंपनीत दर आठवड्याला पाळी बदलते. या आठवड्यात संध्याकाळी घरात लोळणारा माणूस पुढच्या आठवड्यात संध्याकाळी मशीनवर उभा असतो. मग तालीम घ्यायची कुणाची? खरातबाईंनी त्यावर तोडगा काढला होता. पुरुषाचं प्रत्येक काम दोघांना द्यायचं. दोघांनी सगळं पाठ करायचं आणि कार्यक्रमाच्या दिवशी जो घरी असेल तो उभा राहील. दोघांनी आपसात भांडायचं नाही, आणि बायकोनं कोणता बरा वाटतो ते बोलून दाखवायचं नाही, एवढे दोन नियम.

हा कार्यक्रम एप्रिलात व्हायचा. पोरांच्या परीक्षा आटोपलेल्या असतात, गावाकडं जायच्या पिशव्या अजून भरलेल्या नसतात, आणि ऊन असं तापतं की संध्याकाळी कुणाला घरात बसवत नाही. तेवढे आठ-दहा दिवस बाईंनी हेरून ठेवले होते. चौदा एप्रिलच्या जयंतीचा मांडव उतरवताना मांडववाला मैदानातलं स्टेज तेवढं तसंच ठेवून जायचा. त्याला कुणी सांगायला लागत नसे. त्याची दोन्ही पोरं बाईंच्या हाताखाली शिकलेली. लोक घरून सतरंज्या, चटया, पाण्याच्या बाटल्या घेऊन यायचे. कुणी जालन्याकडचं, कुणी बीडचं, कुणी कन्नडचं, सगळे कंपनीसाठी आलेले. एरवी एकमेकांना ओळखत असू ते गाडीच्या नंबरावरून. त्या एका संध्याकाळी मात्र सगळं बजाजनगर एका गावचं असल्यासारखं बसायचं.

एका वर्षी तर चालू नाटकात नवरा बदलला. नाटक पाण्यावर होतं. जाधव नावाचा आमच्या गल्लीतला, बांबूसारखा उंच आणि वाळका, तो नवरा होता. लाइट गेली, सुरू व्हायलाच उशीर झाला, आणि निम्म्यात जाधवांची रात्रपाळीची बस येऊन हॉर्न मारायला लागली. गडी स्टेजवरून उतरला तो तोंडाच्या रंगासकट बसमध्ये. दुसरे नवरे रफिकभाई प्रेक्षकांत कुल्फी खात बसले होते, अंगानं चांगले भरलेले. बाईंनी त्यांना दंडाला धरून उठवलं, कुल्फी माझ्या हातात दिली आणि त्यांना स्टेजवर ढकललं. बायको झालेली शोभा आ वासून बघतच राहिली. बाईंनी पडद्याआडून तिला काहीतरी पुटपुटून सांगितलं. मग शोभा कमरेवर हात ठेवून म्हणाली, "आलात का पाळीवरनं? आज कँटीनला लईच जेवलात वाटतं!" मैदान हसून हसून आडवं झालं. माझ्या मागं बसलेल्या एका आजीनं तर शोभाला ओरडून सांगितलं की ह्योच बरा हाय, ह्योच ठेव. त्यानंतर कितीतरी दिवस रफिकभाईंना कंपनीत दुसरा नवरा म्हणूनच हाक मारायचे.

सुमन खरात हे त्यांचं पूर्ण नाव. बजाजनगरातल्याच एका प्राथमिक शाळेत त्या बाई होत्या. नवरा कंपनीत होता, तो बऱ्याच वर्षांपूर्वी वारला. एकच मुलगी अस्मिता, लग्न होऊन पुण्याला. बाई दिसायला लहानखुऱ्या, सावळ्या. केस तेल लावून घट्ट बांधलेले, पर्समध्ये कायम खडूचे तुकडे, आणि चालणं असं की सोबत चालणाऱ्याला धाप लागावी. पण आवाज! एवढ्याशा कुडीत तो मावत कसा होता, देव जाणे. शाळेच्या फाटकातून त्यांनी हाक मारली की आमच्या गल्लीतलं पोरगं भिंतीवरून खाली उतरायचं.

माझी त्यांची ओळख भांडणात झाली. म्हणजे भांडण माझं टँकरवाल्याशी चालू होतं. मी ब्लाउज शिवते, आणि त्या माप द्यायला आल्या होत्या. मी त्या टँकरवाल्याला धुऊन काढत होते, आणि बाई पिशवी छातीशी धरून दारात उभ्या राहून ऐकत होत्या. तो गेल्यावर माप-बिप बाजूला राहिलं. मला म्हणाल्या, "सासूचं काम करशील का?" माझा पोरगा तेव्हा दुसरीत. मला वाटलं, बाईला उन्हाचं काहीतरी झालं. नंतर कळलं की नाटकातली सासू. मीही फुशारकीनं गेले. स्टेजवर चढले आणि माझी दातखीळ बसली. एक शब्द फुटेना. बाईंनी दोन दिवस वाट बघितली आणि मग शांतपणे सांगितलं की मंगल, तुझं तोंड टँकरपुरतंच आहे, तू कपडे शिव. तेव्हापासून मी कपड्यांना. पडद्याआड सुई-दोरा घेऊन बसायचं आणि तिथून बाईंना बघायचं.

त्यांची शिकवायची रीत वेगळी होती. संवाद पाठ झाला का ते त्या विचारायच्याच नाहीत. मैदानाच्या पार टोकाला जाऊन उभ्या राहायच्या आणि हात वर धरायच्या. ऐकू येईनासं झालं की हात खाली. पोरांना वाटायचं, माइक असताना एवढं ओरडायचं कशाला. बाई म्हणायच्या, ऐकणारा थकलेला आहे हे धरून बोला. हे वाक्य मी त्यांच्या तोंडून इतक्यांदा ऐकलंय की आता टीव्हीवर कुणी तोंडातल्या तोंडात बोलायला लागलं की मीच त्याला ते ऐकवते. कौतुक करायचं मात्र त्यांना जमायचं नाही. काम बरं झालं तर 'चालेल' म्हणायच्या. फारच चांगलं झालं तर काहीच बोलायच्या नाहीत, उठून सगळ्यांसाठी चहा टाकायच्या. शोभाला दहा वर्षांत दोनदा चहा मिळाला, आणि ती ते अजून सांगते.

एक गोष्ट मात्र त्यांना अजिबात खपायची नाही. सत्कार. आपल्याकडं कसं असतं, ठाऊकच आहे. कार्यक्रम कशाचाही असो, रक्तदानाचा असो, झाडं लावायचा असो, आधी दीप, मग हार, मग शाल, मग नारळ, मग ज्यानं हार घातला त्याला हार, आणि मग सगळ्यांचे दोन दोन शब्द. गाणं म्हणायला आलेली पोरं नटूनथटून कोपऱ्यात पेंगत असतात. बाईंच्या कार्यक्रमात यातलं काही नव्हतं. पाहुणा कितीही मोठा असो, त्यानं लोकांबरोबर सतरंजीवर बसायचं. एकदा एक पुढारी आले. नाव सांगत नाही, माणूस वाईट नव्हता. त्यांना बोलायचंच होतं. बाईंनी दोन मिनिटं दिली. त्यांनी रीतसर "दोनच शब्द बोलतो" म्हणून सुरुवात केली, म्हणजे आता अर्धा तास गेला हे सगळ्यांनी ओळखलं. दोन मिनिटं झाली तशी बाईंनी हलगीवाल्याला खूण केली. त्यानं हलगी कडाडून वाजवली. पुढारी थांबले, परत बोलायला लागले. परत हलगी. तिसऱ्या वेळी ते स्वतःच हसत खाली उतरले आणि सतरंजीवर मांडी घालून बसले. पुढच्या वर्षी न बोलावता आले, आणि मुकाट बसून नाटक बघून गेले.

मी त्या रात्री बाईंना म्हटलं की जरा जास्तच झालं, मोठा माणूस आहे. तर माझ्यावरच उखडल्या. म्हणाल्या, माणसं आठ तास उभी राहून आलीत. त्यांना उभ्या दिवसात स्वतःची एवढीच संध्याकाळ. ती मी कुणाच्या गळ्यात घालू?

शहरातही आम्हाला एकदा बोलावणं आलं होतं. शहराचं नाव नुकतंच बदललं होतं, कुठं जुनी पाटी, कुठं नवी, आणि आमच्या तोंडात अजून दोन्ही. कलेचा कसलासा उन्हाळी महोत्सव होता, मोठं सभागृह, गार हवा. पुढं सोफे. तिथं गेल्यावर उमगलं की पाहुणे येईपर्यंत वेळ काढायला आम्हाला बोलावलंय. पाहुणे आले तसं आमचं नाटक अर्ध्यात थांबवलं आणि टाळ्या वाजवून खाली उतरवलं. बाई तिथं कुणाला काही बोलल्या नाहीत. परत येताना बसमध्ये सगळ्यांना भेळ घेऊन दिली. वाळूजजवळच्या पंढरपूरचा नाका आला तशा म्हणाल्या, "आपलं मैदान बरं. तिथं असं कुणी करणार नाही." हे त्या म्हणाल्या होत्या.

रिटायर झाल्यावरच्या थंडीत बाईंचा आवाज बसला. आधी सगळ्यांना वाटलं, खडूची धूळ इतकी वर्षं गिळली, त्याचंच असेल. हळद-दूध झालं, ज्येष्ठमध झालं, कुणी खुलताबादहून काढा आणून दिला. आवाज काही सुटेना. शेवटी अस्मितानं ओढून डॉक्टरकडं नेलं. घशात गाठ निघाली. ऑपरेशन पुण्याला करायचं ठरलं, आणि डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं की जीव वाचेल, आवाज राहणार नाही. ही बातमी दोन दिवसांत सगळ्या बजाजनगरात झाली. बायका बाईंच्या दारात येऊन रडायच्या आणि बाई त्यांनाच पाणी द्यायच्या. डॉक्टर म्हणत होते, लगेच या. बाईंनी एप्रिलपर्यंतची मुदत मागून घेतली. का, ते कुणाला कळेना. मला कळलं ते ब्लाउजच्या मापानं.

एका दुपारी त्या माझ्याकडं आल्या. जुन्या पद्धतीचा, कोपरापर्यंत बाह्यांचा ब्लाउज शिवून दे म्हणाल्या, आणि वापरून विटलेलं एक लुगडं पिशवीतून काढलं. मी विचारलं, कुणासाठी? म्हणाल्या, माझ्यासाठी, या वर्षी मी काम करणार आहे. इतक्या वर्षांत बाई कधी स्वतः स्टेजवर आल्या नव्हत्या. मी मशीन थांबवली. आणि मग त्या घोगऱ्या आवाजात, मधे मधे पाणी पीत, त्यांनी जे सांगितलं ते असं.

आमच्या या रांगेतली घरं बांधली जात होती तेव्हा बाई शहरात होस्टेलवर राहून शिक्षिकेचं शिकत होत्या. बाप नव्हता. आईनं सांगितलं होतं की मी कंपनीत कामाला लागले, फीची काळजी करू नको. पुढं बाईंना नोकरी लागली, लग्न झालं, नवऱ्यानं इथं घर घेतलं. आई पहिल्यांदा लेकीचं घर बघायला आली, तर दारातच थबकली. भिंतीवरून हात फिरवला आणि म्हणाली की ह्या रांगेचा जोता म्याच भरलाय. घमेली वाहत होती ती इथं, याच मातीत, उन्हाळ्यात. लेकीला कमीपणा वाटू नये म्हणून कंपनी सांगितली. आई त्यानंतर फार जगली नाही. "आणि मी काय केलं, मंगल?" बाई म्हणाल्या. "इतकी वर्षं विचारणाऱ्याला 'आई गावी शेती बघायची' असं सांगत राहिले. तिनं तोंडानं कुणाला सांगितलं नाही, आणि मीही नाही. आवाज आहे तोवर तिच्या वतीनं मला इथं बोलायचंय. तिनं बांधलेल्या घरातली माणसं समोर बसलेली असताना."

मी लुगड्याचे काठ बघत बसले, कारण वर बघितलं असतं तर मला रडू आलं असतं. एकटीचं नाटक होतं, अर्ध्या तासाचं. तालीम त्या घरातच दार लावून करायच्या. आवाज पुरवून वापरायचा म्हणून दिवसदिवस बोलायच्या नाहीत. दूधवाल्याशीसुद्धा खुणांनी. अर्धा तास पुरेल एवढा आवाज शिल्लक ठेवायचा, बस. माइक हवाच होता. त्यांना एरवी माइक म्हणजे लाड वाटायचा, पण आता त्याशिवाय चौथ्या सतरंजीपर्यंतही आवाज गेला नसता.

स्वतः काम करायचं म्हटल्यावर कार्यक्रम सांभाळायला दुसरं कुणीतरी हवं. तो भार त्यांनी गजाननला दिला. गजानन त्यांचा जुना विद्यार्थी, आता कंपनीत सुपरवायझर आहे, गल्लीत सगळ्यांच्या अडीनडीला धावतो. बाई म्हणजे त्याचा देव. आणि इथंच सगळं फिसकटलं. कारण देव म्हटलं की आपल्याला दुसरं काही सुचतच नाही, हार आणायला पळतो आपण.

गजाननचं म्हणणं असं की बाई आता जाणार, पुढच्या वर्षी कुठं असतील, कशा असतील, आणि आपण त्यांचा एकदाही सत्कार केला नाही. ही गोष्ट सगळ्यांना पटली. खरं सांगायचं तर ऐकताना माझ्याही डोळ्यांत पाणी आलं होतं. बाईंनी मान हलवून नको नको केलं. पण आवाज वाचवायचा म्हणून त्या भांडू शकत नव्हत्या, आणि भांडल्याशिवाय आपल्याकडं सत्कार टळत नाही. गजानन म्हणाला की दहा मिनिटांचं काम आहे. आधीच उरकून घेऊ, नाटक संपलं की लोक उठतात. मग नाटक निवांत.

कार्यक्रमाच्या दिवशी मैदान असं भरलं की मी तरी तेवढं कधी बघितलं नव्हतं. सोडून गेलेले लोक आले होते. चिकलठाण्याकडं राहायला गेलेली दोन कुटुंबं टेम्पो करून आली. कुणी पाळी बदलून घेतली, कुणी रजा टाकली. जाधव आणि रफिकभाई, दोघंही नवरे एकाच सतरंजीवर. बाई आईच्या लुगड्यात तयार होत्या. कपाळावर काही नाही, हातात घमेलं. मी शेवटचा टाका घातला आणि त्यांच्याकडं बघितलं, तर समोर आमच्या खरातबाई नव्हत्याच. कुणीतरी दुसरीच बाई उन्हातून आलेली.

पाहुणे वाळूजच्या ट्रॅफिकमध्ये अडकले, म्हणून सुरुवातच उशिरा. मग गजाननच्या लोकांनी बाईंना तशाच, लुगड्यासकट, स्टेजवरच्या खुर्चीत बसवलं आणि वरून शाल घातली. हार आले. एका गल्लीचा हार झाला तर दुसरी गल्ली मागं कशी राहील? महिला मंडळ, शाळा, पालक, मांडववाला, जयंतीची कमिटी. प्रत्येकजण दोनच शब्द बोलायला येत होता आणि रडत होता. खोटं कुणीच बोललं नाही, हेच तर आहे. एकानं सांगितलं, बाईंनी त्याच्या बापाची दारू कशी सोडवली. एकीनं सांगितलं, बाईंनी तिचं लग्न दोन वर्षं कसं लांबवलं म्हणून ती नर्स झाली. रफिकभाईंनी कुल्फीची गोष्ट सांगितली. कुणीतरी म्हणालं की हे बजाजनगर बाईंनी घडवलं. टाळ्या थांबेनात. बाई खुर्चीत हात जोडून बसल्या होत्या आणि पडद्याआड मी दिसेन अशा बेतानं मान वळवून बघत होत्या. मी गजाननच्या शर्टाला दोनदा ओढलं. तो म्हणाला, ताई, एवढा एक जण राहिलाय. त्याच्या मागं रांग होती. आपल्याच सत्काराला मधे हलगी कशी वाजवायला सांगणार माणूस?

लाउडस्पीकरची परवानगी दहापर्यंत. हल्ली त्यात कुणी ढिलाई करत नाही. शेवटचा माणूस बोलून उतरला तेव्हा पोलीस स्टेजच्या कडेला येऊन उभाच होता. तोही बिचारा थोडा थांबला. बाई उठल्या. शाल काढून खुर्चीवर ठेवली, हार काढले, घमेलं उचललं आणि पुढं आल्या. मैदान एकदम शांत झालं. "लेकीला म्या सांगितलं व्हतं, मी कंपनीत कामाला हाय," असं त्या म्हणाल्या, आणि माइक बंद झाला.

त्या थांबल्या नाहीत. तशाच बोलत राहिल्या. पुढच्या दोन रांगांना ऐकू येत असेल-नसेल. मी एवढी जवळ, पण मलाही तुटक तुटकच. मागच्या लोकांना वाटलं, संपलं. आवाज बसलेल्या बाईंनी चार शब्द बोलून निरोप घेतला असं त्यांना वाटलं, आणि मागून टाळ्या सुरू झाल्या. मग मधल्यांनी वाजवल्या. मग सगळं मैदान उभं राहिलं आणि टाळ्यांचा, शिट्ट्यांचा, बाईंच्या नावाच्या घोषणांचा असा गदारोळ उठला की बाईंचे ओठ हलताना दिसत होते तेवढंच. शोभा "बसा, बसा" म्हणून ओरडत होती. तिलाही कुणी ऐकलं नाही. बाई थोडा वेळ बोलल्या आणि मग घमेलं खाली ठेवून उभ्या राहिल्या. लोक पाया पडायला वर चढले. मग फोटो. प्रत्येकाला बाईंसोबत फोटो हवा होता, आणि त्या वेशात तर हवाच होता. बाई प्रत्येक फोटोत नीट बघत उभ्या राहिल्या. गजानन रडून रडून लाल झाला होता. मला म्हणाला की ताई, असा कार्यक्रम बजाजनगरात झाला नव्हता. तो मनापासून म्हणत होता.

त्या रात्री बाईंच्या घरी मी त्यांच्या अंगावरचा ब्लाउज उसवत होते. घामानं अंगाला चिकटला होता. मी म्हटलं, बाई, लई माणसं आली होती. काहीतरी बोलायचं म्हणून बोलले. त्या जवळजवळ नाहीशा झालेल्या आवाजात म्हणाल्या, "सगळे माझ्याबद्दल बोलले गं. मला कुणी बोलू दिलं नाही." रागानं नाही म्हणाल्या. पोरांचं उत्तर चुकलं की बाई जशा सांगायच्या, तसं. मी म्हटलं, उद्या मला एकटीला करून दाखवा, जाण्याआधी, मी सकाळी येते. त्यांनी मानेनंच हो म्हटलं.

त्या गेल्या त्या परत आल्या नाहीत. ऑपरेशन झालं, आवाज गेला, काही महिने पुण्याला लेकीकडं राहिल्या आणि पाऊस संपता संपता वारल्या. नाटक त्यांनी कागदावर उतरवलंच नव्हतं. ते त्यांच्या तोंडात होतं. आता मी सांगते लोकांना, की तुमच्या घराचा जोता बाईंच्या आईनं भरलाय. लोक ऐकतात, हळहळतात. पण माझ्या तोंडून ते आईचं होत नाही, एक बातमी होते. त्या रात्री बाईंचं काय सांगायचं राहिलं ते गेल्या एप्रिलात गजाननला कळलं, त्यानंतर त्यानं माझ्याकडं बघून बोलायचं सोडलंय. मला त्याचा राग येतो आणि त्याची कीवही येते. राग जास्त येतो, खोटं कशाला बोलू.

कार्यक्रमाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, बाई पुण्याला निघायच्या आधी, मी लवकर गेले होते. बाई स्वयंपाकघरात माझ्यासाठी जागा करून उभ्या होत्या, पाट ठेवला होता. मी बसले. त्यांनी घोटभर पाणी घेतलं, पदर खोचला. तेवढ्यात दारात गलका झाला. निम्मी गल्ली निरोप द्यायला आली होती. कुणी डबा आणला, कुणी ओटी भरायला आलं, कुणाचं पोरगं पाया पडायचं राहिलं होतं. घर भरून गेलं. बाईंनी माझ्याकडं बघितलं आणि पदर सोडला. अस्मिता घाई करत होती. पुण्याला दुपारपर्यंत पोहोचायचं होतं.

गाडीत बाई मागं, खिडकीशी बसल्या. ऊन चढलेलं, एसी लावलेला, काच वर. आम्ही सगळ्या रस्त्यावर उभ्या. बाई आमच्याकडं बघत नव्हत्या. आमच्या डोक्यांवरून मागच्या घरांच्या रांगेकडं बघत होत्या, आणि त्यांचे ओठ हलत होते. अस्मिता पुढच्या सीटवर फोनवर होती, म्हणजे तिच्याशी नव्हे. मी पुढं सरकले, काचेला हात लावला. ऐकू काही येईना. माझ्या मागं सगळ्या बायका एकसुरात ओरडत होत्या, बाई लवकर या, बाई काळजी घ्या. मी गप्प बसा म्हणाले, कुणी ऐकलं नाही. गाडी हलली. बाई बोलतच होत्या. गाडी बजाजनगरच्या कमानीबाहेर वळेपर्यंत आमच्या बायका ओरडत राहिल्या.